फरदडीवर एक सत्र ठेव

पिपरी मेघे, वर्धा

प्रिय रेवती,


कृषी विस्ताराच्या परिषदेतली सत्रं ठरवायचं काम तुझ्याकडे आलंय, हे ताईनं सांगितलं. तुझी यादीही वाचली. ‘शाश्वत शेती’, ‘शेती आणि तंत्रज्ञान’, ‘कापूस : आव्हाने व संधी’. या शीर्षकांखाली काहीही बसतं, म्हणून निवड समितीला एकही गोषवारा नाकारता येत नाही. मग एकेका सत्रात आठ-आठ निबंध कोंबले जातात आणि प्रश्नोत्तरांची वेळ चहात जाते.

कापसाचंच घे. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायचं तर डिसेंबरनंतर पीक शेतात ठेवू नका, फरदड घेऊ नका, असं आपण वर्षानुवर्षं सांगतो. तरीही शेतकरी फरदड घेतोच. ओलिताची सोय नसेल तर रब्बीत दुसरं काय पेरणार? उभ्या पऱ्हाटीतून निघालेली वेचणी त्याला जवळजवळ फुकटात पडते. तेव्हा ‘नको म्हटलं तरी फरदड का राहते?’ एवढंच सत्राचं नाव ठेव. कीटकशास्त्रज्ञ, कृषी सहायक, जिनिंगवाला आणि फरदड घेणारा एक शेतकरी यांना एका टेबलाशी बसव. शेतकऱ्याला शेवटची पाच मिनिटं ‘मनोगत’ म्हणून देऊ नकोस, पहिलं त्यालाच बोलू दे.

परिषद कशी असावी, याचा दाखला जवळच आहे. आपल्या वर्ध्यात 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. काँग्रेसच्या प्रांतांतले शिक्षणमंत्री आले होते. गांधीजींनी ‘हरिजन’मधून आपलं म्हणणं आधीच मांडलं होतं, त्यामुळे माणसं वाद घालायच्या तयारीनंच आली. दोन दिवसांत चार ठराव झाले : सात वर्षं मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तोद्योग हा केंद्रबिंदू, आणि त्यातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा. शेवटच्या मुद्द्यावर अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांचा उघड विरोध होता. तरी अभ्यासक्रमासाठी झाकीर हुसेन यांची समिती नेमली, तेव्हा विनोबा आणि कुमारप्पांबरोबर शाहही तिच्यात होते. 2 डिसेंबरला अहवाल तयार! या ठरावांतून आलेली नई तालीम पुढे किती टिकली हा वेगळा वाद, पण परिषद उठताना पुढचं काम कोणाकडे हे ठरलेलं होतं. तुझ्या प्रत्येक सत्राखाली ‘यानंतर कोण काय करणार’ अशी एक ओळ लिहून बघ. जिथे ती सुचणार नाही, ते सत्र काढून टाक.

विरोधकाला बोलावण्याबद्दल तुझे वरिष्ठ कुरकुर करतील. त्यांना 2023 च्या फेब्रुवारीची आठवण करून दे. वर्ध्यात 96 वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं आणि त्याच दिवसांत, याच गावात, विद्रोही संमेलनाचाही मांडव पडला. मला दोन्हीकडे जायला आवडलं, पण तुझ्या परिषदेला दुसरा मांडव परवडणार नाही.

गोषवारे वाचताना नावं आणि संस्था झाकून वाच. एकाच वेळी दोनच सत्रं चालव, चार नकोत. विदर्भातल्या जेवणानंतर लगेच निबंधवाचन ठेवशील तर अर्धं सभागृह पेंगेल, तिथे वादाचाच विषय हवा. मंत्रिमहोदयांची वेळ नक्की नसतेच, तेव्हा त्यांचं भाषण उद्घाटनात ठेव, कुठल्याही सत्राच्या पोटात नको. ते उशिरा आले तर सत्र थांबणार नाही, हे आयोजकांकडून आत्ताच लिहून घे.

सत्राध्यक्ष निवडताना मात्र पद बघू नकोस. कुलगुरूंनाही ‘वेळ संपली’ असं सांगू शकेल असा माणूस शोध. तुझ्या कार्यालयातल्या त्या लेखापाल बाई कशा आहेत?

तुझी,
मावशी