सूर्यावरील वादळ आणि मोबाइलचा नकाशा

(सूर्यावर घडणाऱ्या घटनांमुळे, उपग्रहांच्या मदतीने वाट दाखवणारी यंत्रे कशी चुकतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, परभणीहून पाथरीला जाताना आता पुष्कळ लोक मोबाइलवरचा नकाशा पाहतात. नकाशावरचा निळा ठिपका सांगतो, 'तुम्ही इथे आहात.' पण ठिपक्याला हे कसे कळते?

हे काम उपग्रह करतात. जीपीएस या अमेरिकी यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत रेडिओ संदेश पाठवतात. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून मोबाइल अंतर काढतो. किमान चार उपग्रहांची अंतरे कळली, की आपली जागा ठरते. रेडिओ लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. म्हणून संदेशाला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका उशीर झाला, तरी अंतरात ३० मीटरांची चूक होते. ३० मीटर म्हणजे कधी कधी शेजाऱ्याचे शेत!

हा उशीर का होतो? आपल्या डोक्यावर, सुमारे ८० किलोमीटरांपासून वर, विद्युतभारित कणांचा एक थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. त्यातून येताना संदेश थोडा रेंगाळतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला, म्हणजे सौर ज्वाला उसळली, की तिचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात आणि दिवस असलेल्या बाजूचे आयनांबर दाट करतात. कधी कधी सूर्य विद्युतभारित कणांचा प्रचंड लोटही बाहेर फेकतो. तो साधारणपणे एक ते तीन दिवसांत येतो. मग पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ होते, आयनांबर खवळते आणि ठिपका भलतीकडे सरकतो.

अशा वादळाची एक जुनी नोंद आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने सूर्यावर लख्ख ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांवर जबरदस्त वादळ नोंदले गेले. तेथील निरीक्षकांनी आकडे नेमाने लिहून ठेवले. शास्त्रज्ञ आजही त्या आकड्यांचा अभ्यास करतात. पुढे १९०४ मध्ये ही चुंबकीय निरीक्षणे अलिबागला सुरू झाली.

त्या काळी उपग्रह नव्हते. आज मात्र अशा वादळाची झळ शेतापर्यंत पोहोचते. मे २०२४ मध्ये मोठे सौर वादळ आले, तेव्हा अमेरिकेत पेरणीचे दिवस होते. उपग्रहांच्या आधाराने सरळ तास धरणारे ट्रॅक्टर भरकटू लागले. अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

आपल्यालाही हे समजून घेतले पाहिजे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन आणि यंत्रमानव वापरण्याचे काम झाले आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी फवारणीचा ड्रोन चालवील. शिवाय चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे आपल्या देशावरचे आयनांबर एरवीही चंचल असते.

यावर उपाय आहेत. काही यंत्रे दोन वेगवेगळ्या लहरींवर संदेश घेतात. दोन्ही संदेशांना सारखा उशीर होत नाही. त्या फरकावरून चूक काढता येते. विमानांसाठी भारताने 'गगन' ही यंत्रणा उभारली आहे. तिची जमिनीवरील केंद्रे चूक मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानांना कळवतात. सूर्यावर नजर ठेवण्यासाठी इस्रोने २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य-एल१' हे यान सोडले. ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर राहून सूर्याचे निरीक्षण करते.

मुलांनो, यंत्राचा उपयोग जरूर करा. पण ठिपका म्हणजे अंदाज आहे, हे विसरू नका. वाटेतला मैलाचा दगड, शेताचा बांध आणि गावातला जाणता माणूस यांनाही विचारत चला.

शब्दार्थ
रेंगाळणे – उशीर करणे
लोट – मोठा प्रवाह
तास – नांगराने किंवा पाभरीने पडलेली रेघ
चंचल – स्थिर नसलेले

प्रश्न
१. मोबाइल आपली जागा कशी ठरवतो?
२. आयनांबर दाट झाल्यावर काय होते?
३. कुलाबा वेधशाळेतील नोंदी आजही का उपयोगी पडतात, असे तुम्हांला वाटते?