डॉन हुआन आणि आपला भगत

प्रश्न : पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने कार्लोस कास्तानेदाची पुस्तकं वाचायला दिली. भीती आणि मरण यांबद्दल त्यात जे सांगितलंय ते मनाला फार लागलं. पण हा लेखक खोटारडा होता, असंही कानावर येतं. मग त्याचं काय घ्यावं? आणि त्यातला डॉन हुआन आमच्याकडच्या भगतासारखाच म्हणायचा का?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर : डॉन हुआन नावाचा माणूस बहुधा कधी नव्हताच. कास्तानेदा मूळचा पेरू देशातला. लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकताना मेक्सिकोतल्या याकी जमातीचा डॉन हुआन हा म्हातारा जाणता आपल्याला गुरू लाभला, असं सांगत त्याने १९६८ मध्ये पहिलं पुस्तक लिहिलं. विद्यापीठाच्याच प्रकाशनाने ते छापलं, १९७३ मध्ये त्याला डॉक्टरेटही मिळाली. पुढे १९७६ मध्ये रिचर्ड डी मिल या लेखकाने त्याची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून तारखा ताडून पाहिल्या, तर एकातला घटनाक्रम दुसऱ्याशी जुळेना. डॉन हुआन शिष्याला पेयोटी देतो, पण हे नशा आणणारं निवडुंग याकींच्या विधींत नसतं; ते हुइचोल या दुसऱ्या जमातीच्या विधींत असतं. आणि मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटात ऐन उन्हाळ्यात ही गुरुशिष्याची जोडी उन्हातान्हात भटकत राहते!

तरीही तुमच्या मनाला जे लागलं ते वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. ज्ञानाच्या वाटेवर माणसाला चार वैरी भेटतात, असं डॉन हुआन सांगतो : भीती, स्पष्टता, सामर्थ्य आणि म्हातारपण. यातला दुसरा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भीती गेली की सगळं लख्ख दिसू लागतं आणि तिथेच माणूस फसतो; आता आपल्याला कळलं, असं वाटून शिकायचं थांबतो. खाडीत पोहायला नुकताच शिकलेला मुलगा जसा ओहोटीची ओढ मोजत नाही, तसं. मरण सतत हाताच्या अंतरावर आहे हे ओळखून त्याचाच सल्ला घ्यावा, हेही त्याचं सांगणं खरं आहे. ते पटायला डॉन हुआन खरा असावा लागत नाही. तुम्ही वागून पाहा, तुमचं तुम्हाला कळेल.

मात्र स्वतःचा भूतकाळ पुसून टाका, हाही त्याचाच उपदेश. तो मी घेणार नाही. कास्तानेदाने स्वतःचं जन्मसाल आणि जन्मगाव चुकीचं सांगितलं. त्याच्या जवळच्या शिष्यांनी घरच्यांशी संबंध तोडले. १९९८ मध्ये तो वारला आणि त्यानंतर त्या शिष्यांतल्या काही स्त्रिया बेपत्ता झाल्या. एकीचे अवशेष डेथ व्हॅलीच्या वाळवंटात सापडले, त्यांची ओळख पटायला २००६ साल उजाडलं. त्या मुलींच्या आईवडिलांचा विचार केला की मला त्या उपदेशाची भीती वाटते.

आता तुमचा भगत. त्याचं घर, त्याची भावकी, त्याचे वाडवडील गावाला ठाऊक असतात. तसंच देवळात गुरव देवाचा कौल लावतो तो गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. फूल उजवं पडलं की डावं, सगळे पाहतात. शिमग्यात पालखी दारोदार येते तेव्हा वर्षभराचं गाऱ्हाणंही चारचौघांत घातलं जातं. गाव अशा माणसांना जाब विचारू शकतं. डॉन हुआनला कोण विचारणार? पण म्हणून भगताच्या हाती सगळं सोपवावं, असंही नाही. साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालत बसणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला.

एक गोष्ट भाच्याला आवर्जून सांगा. पहिल्या पुस्तकात गुरू ज्या वनस्पतीचा लेप आणि काढा देतो, ती आपल्या धोतऱ्याच्याच जातकुळीतली. पांढरं कर्ण्यासारखं फूल, काटेरी गोल बोंड; कोकणात उकिरड्याकडेला कुठेही उगवते. तिच्यातल्या अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिनने तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो आणि जीवही जाऊ शकतो. बियांत विष किती, हे झाडागणिक बदलतं, त्यामुळे तिचा 'थोडासा' अनुभव घेता येत नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर तडक रुग्णालय गाठा.

पुस्तकं परत करू नका. कादंबऱ्या म्हणून वाचा, भाच्यालाही तशीच वाचायला सांगा.