अर्धा लिटर पाणी आणि चारशे लिटर हवा

दहावीला ‘उष्णता’ शिकवताना विशिष्ट उष्माधारकतेचं सूत्र मुलं पटकन पाठ करतात. गणितंही सुटतात. पण ते कुठे लागतं, असं कोणी विचारलं की आपण बहुतेक वेळा खारे वारे नि मतलई वारे सांगून मोकळे होतो. मीही तेच करायचो.

माझा एक जुना विद्यार्थी आता इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या गटाने फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधली. पाइपची चौकट, त्यात मोटरसायकलचं इंजिन. स्पर्धेतली मोठी शर्यत साधारण २२ किलोमीटरची. यांची गाडी सरावात आठव्या किलोमीटरलाच उकळायची. रेडिएटर बदलून मोठा बसवला, तरी तेच. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, “सर, वर्गणी संपली. आता आणखी मोठा रेडिएटर कुठून आणू?”

मी काही मेकॅनिक नाही. वही घेतली आणि त्याला दहावीचंच गणित घातलं.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यात जाते. यांच्या इंजिनासाठी आम्ही ती १५ किलोवॅट धरली, म्हणजे सेकंदाला १५ किलोज्यूल. पंप सेकंदाला अर्धा लिटर पाणी फिरवतो. पाण्याची उष्माधारकता ४.२, म्हणून तेवढ्या पाण्याचं तापमान जेमतेम ७ अंशांनी वाढतं. आता तीच उष्णता हवेला द्यायची. हवेची उष्माधारकता साधारण १. अर्धा किलो हवा घेतली तर ती ३० अंशांनी तापेल. चालेल. पण अर्धा किलो हवा म्हणजे किती? उन्हाळ्यात चारशे लिटरहून जास्त. आणि ती दर सेकंदाला हवी!

तो गप्प झाला. मग मी विचारलं, “हवा आत येते कुठून ते दाखवलंस. बाहेर जाते कुठून?”

इथेच गोम होती. रेडिएटरच्या मागे चार बोटांवर पत्रा. शिवाय रेडिएटरच्या कडेने मोकळी फट. हवा आळशी असते हो, जाळीतून घुसण्यापेक्षा फटीतून निसटते. मोठा रेडिएटर लावल्याने मागची वाट आणखीच अडली होती.

दुसरी चूकही सापडली. पाणी भरायचं तोंड इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली होतं, त्यामुळे माथ्यात हवेचा बुडबुडा अडकून राहायचा. बुडबुडा असेल तिथे धातूला पाणी लागतच नाही. तोंड सगळ्यात उंच हवं.

टोपणाचं मात्र त्यांनी बरोबर केलं होतं. या स्पर्धेत कूलंट चालत नाही, साधं पाणीच भरावं लागतं. पण टोपणाने १ बार जादा दाब धरला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. (प्रेशर कुकर! वर्गात हा प्रश्न जरूर विचारा.)

त्यांनी फटी फोम लावून बुजवल्या, मागचा पत्रा कापला, पाणी भरायचं तोंड वर घेतलं. रेडिएटर परत जुना, छोटाच बसवला. जाळीच्या मागे लोकरीचे धागे चिकटवून गाडी चालवली. सगळे धागे मागे ताठ उडत होते. पालकांनो, घरच्या टेबल फॅनपुढे जाळी धरून हा धाग्यांचा प्रयोग सातवीतलं मूलही करू शकतं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पूर्ण २२ किलोमीटर झाले, काटा ९५ वर थांबला.

“पण सर, पाणी थोडं गळतंय.”

“कुठून?”

“क्लॅम्प ढिला आहे.”