सिंथेटिक ऑइल मुखेडच्या गाडीला परवडतं का?

मुखेडमध्ये ऑइल बदलायला गॅरेजवर गेलं की मेकॅनिक हल्ली दोन डबे पुढे ठेवतो. एक साधं, म्हणजे मिनरल. दुसरं सिंथेटिक, जवळपास दुप्पट भावाचं. ‘हे टाका, इंजिन मक्खन चालतंय’, ही शिफारस त्यासोबत फुकट. आपण मात्र डब्याचा भाव बाजूला ठेवायचा आणि हजार किलोमीटरला किती रुपये पडतात ते काढायचं.

पेट्रोलवरच्या छोट्या कारचं उदाहरण घेऊ. ऑइल साडेतीन लिटर धरा. साधं ऑइल लिटरमागे साधारण ४०० रुपये, म्हणजे १,४०० रुपये. फिल्टर आणि मजुरीचे ३५० मिळवले की झाले १,७५०. आपल्याकडचे मेकॅनिक साधं ऑइल पाच हजार किलोमीटरला बदलायला लावतात. त्या हिशेबाने हजार किलोमीटरला ३५० रुपये. सिंथेटिक ७०० रुपये लिटर धरलं तर २,४५० आणि वरचे ३५० मिळून २,८००. ते दहा हजार किलोमीटर चालवलं तर हजाराला २८० रुपये, म्हणजे महाग ऑइलच स्वस्त पडलं. पण सिंथेटिक टाकूनही पाच हजारालाच बदललं, तर ५६० रुपये. गावोगावी नेमकं हेच होतं.

हे भाव ढोबळ आहेत. कंपनी आणि ग्रेडप्रमाणे लिटरमागे शे-दोनशे इकडेतिकडे होतात. छापील किमतीपेक्षा कमीत बरेच दुकानदार देतात, तेव्हा घासाघीस करायला लाजू नका.

या हिशेबात एक अट आहे. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, डब्यावरच्या जाहिरातीत नाही. शिवाय किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरणारी, लग्नकार्याला आणि नांदेडच्या दवाखान्यापुरती निघणारी गाडी असेल, तर वर्ष भरलं की ऑइल काढावंच लागतं. तिच्यासाठी पुस्तिकेत साधं चालत असेल तर वरचे हजार रुपये वाचवा. रोज नरसी-नायगावमार्गे नांदेड किंवा जळकोटमार्गे उदगीर करणाऱ्या, माणसं भरून पळणाऱ्या गाडीचं गणित वेगळं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर तापलेल्या इंजिनात साधं ऑइल लवकर खराब होतं; सिंथेटिक जास्त तग धरतं. त्याचा दुसरा मोठा गुण कडाक्याच्या थंडीत पटकन वाहण्याचा. तो काश्मीरच्या कामाचा, आपल्या नाही.

स्प्लेंडरसारख्या गाडीला लिटरभरही ऑइल लागत नाही. साधं ३५० रुपये, मजुरी ५०, तीन हजार किलोमीटरला बदल: हजाराला सुमारे १३३ रुपये. सिंथेटिक ७०० रुपयांचं, मजुरी तीच, सहा हजाराला बदललं तर १२५. बारा हजार किलोमीटरमागे शंभर रुपयांची बचत! तेवढ्यासाठी जोखीम घेऊ नये असं माझं मत. या इंजिनात ऑइल मुळातच थोडं, त्यात जुनी गाडी काही जाळते. बदल लांबवला आणि मधे काडी काढून पातळी बघितली नाही, तर महागाचं ऑइलही इंजिन वाचवणार नाही. आणखी एक: मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असलंच पाहिजे. कारचं उरलेलं अर्धा लिटर ‘भारीचं आहे’ म्हणून बाइकमध्ये ओतलं तर क्लच घसरू शकतो.

ट्रॅक्टरचं थोडक्यात. तिथे तासांचं मीटर बघायचं, पुस्तिकेतलं साधं १५डब्ल्यू-४० वेळेवर बदलायचं आणि एअर फिल्टर साफ ठेवायचा. धूळ आत जात असेल तर सिंथेटिकचे पैसे मातीत.

काही गाड्यांना मात्र निवडच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसला. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. चुकीचं टाकलं तर तो तुंबतो आणि ते बिल ऑइलपेक्षा कितीतरी मोठं येतं. बऱ्याच नव्या पेट्रोल कारमध्ये ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं. ते पाण्यासारखं पातळ दिसतं म्हणून काही जण हट्टाने २०डब्ल्यू-५० ओततात. हा हट्ट वॉरंटीच्या गाडीत तर करूच नये.

‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांनीही दिपून जाऊ नका. अशा बऱ्याच डब्यांतलं मूळ तेल कच्च्या तेलापासूनच, पण जास्त प्रक्रिया करून काढलेलं असतं. यावरून अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती. जाहिरातींचे वाद ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेने १९९९ मध्ये कौल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. कच्च्या तेलापासून काढलं म्हणून ऑइल वाईट ठरत नाही. तुम्ही डब्यावरचा ग्रेड आणि एपीआयचं दर्जाचं अक्षर पुस्तिकेशी जुळवा.

‘एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं चालत नाही’ हे खोटं. दोन्ही एकमेकांत मिसळतात, परतही येता येतं. ‘फ्लशिंग’चे वेगळे पैसे मागितले तर सरसकट देऊ नका. मात्र लाख किलोमीटर झालेल्या, आधीच ऑइल गळणाऱ्या इंजिनात सिंथेटिकने गळती जास्त दिसू शकते. तिथे आधी सील बदला. डिझेलमध्ये ऑइल चार दिवसांत काळं पडलं म्हणून घाबरू नका, ती काजळी आहे.

नांदेडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जायचं तर जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि बुडालेला दिवसही खर्चात धरा. गाडी वॉरंटीत असेल तर तो खर्च करावाच. बाहेर बदललं तर बिलावर ग्रेड, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. सुट्टं ऑइल घेऊ नका. सील तुमच्यासमोर फोडायला लावा. जळकं ऑइल नालीत ओतू देऊ नका. रिकामा डबा घरी न्या किंवा तिथेच खिळ्याने भोक पाडा, कारण चांगल्या कंपनीचे रिकामे डबे भंगारातून नकली माल भरणाऱ्यांकडे जातात.