घरच्या सीएनसी मशीनचा स्क्रू : एका टोकाला धरायचा, दुसऱ्या टोकाला टेकवायचा



पहिलीच्या वर्गासाठी प्लायवूडची अक्षरं हवी होती. मुलांनी त्यावरून बोट फिरवावं आणि वळण हाताला कळावं, एवढाच हेतू. इथे दापोड्यात गोदामात कामाला असलेला माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, विकत कशाला आणायची? आपण कापायचं मशीनच बनवू." बनवलंही. पण 'व' ची गोलाई काही गोल येईना, चार जागी सपाट व्हायची. चुकीचं वळण मुलांच्या बोटाखाली कसं द्यायचं? दोन रविवार आम्ही सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. दोष स्क्रूच्या बैठकीत होता.

आधी स्क्रूचं काम समजून घेऊ. तुमच्या घरी चकलीचा आट्यांचा सोऱ्या असेल. दांडा फिरवला की चकती खाली सरकते आणि पीठ बाहेर येतं. पण झाकण नीट बसलं नसेल तर? पीठ तिथेच राहतं आणि झाकण वर उचललं जातं. म्हणजे स्क्रू जेवढ्या जोराने पुढे ढकलतो, तेवढ्याच जोराने तो मागेही रेटतो. तो रेटा कोणीतरी झेलायला हवा. मशीनमध्येही हेच होतं : मोटर स्क्रू फिरवते, नट त्यावरून सरकतो आणि नटाबरोबर कापणारी गाडी.

आमच्या मशीनमध्ये हा रेटा झेलत होती मोटर. तिथेच चूक झाली. स्टेपर मोटरच्या आत दांड्यामागे लहरी वॉशर असतो, तो स्प्रिंगसारखा दबतो. मोटर आणि स्क्रू जोडणारं नळकांडी कपलिंगही स्प्रिंगसारखं ताणलं जातं. त्यामुळे गाडीची दिशा उलटली की आधी हे सगळं दबतं, मग गाडी हलते. गोल कापताना दोन्ही अक्षांच्या मिळून चार जागी दिशा उलटते. 'व' नेमका तिथेच चपटा होत होता. तुम्हीही तपासून पाहा : कापणारी मोटर बंद ठेवा, स्टेपरला वीज चालू ठेवा आणि गाडी हाताने पुढे-मागे रेटा. 'टक' असं जाणवलं तर स्क्रू जागेवर धरलेला नसण्याची शक्यता आहे.

उपाय स्वस्त आहे. आमचा स्क्रू ८ मिमी जाडीचा. ६०८ नंबरच्या बेअरिंगचं भोकही ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी. मोटरच्या बाजूच्या प्लेटमध्ये अशी दोन बेअरिंग बसवली, प्लेटच्या दोन्ही अंगांना एकेक. बाहेरून दोन कॉलर हलक्या दाबाने चढवून ग्रब स्क्रूने आवळले. आता पुढचा-मागचा दोन्ही रेटा प्लेट घेते, मोटर फक्त फिरवते. जड मशीनला यासाठी बीके आणि बीएफ नावाचे तयार ठोकळे मिळतात : बीके धरणारा, बीएफ टेकवणारा.

मग दुसरं टोकही तसंच आवळावं का? नाही! पोलाद तापलं की लांबतं, मीटरमागे एका अंशाला साधारण ०.०१२ मिमी. पत्र्याच्या खोलीत सकाळ ते दुपार १५ अंश वाढले तर ६०० मिमीचा स्क्रू ०.१ मिमीने वाढणार, आणि प्लायची चौकट तेवढी वाढत नाही. दोन्ही टोकं जखडली तर स्क्रू प्लेटांनाच रेटत बसतो. म्हणून दुसऱ्या टोकाला एकच बेअरिंग, कॉलर नाही. दांडा आडवा हलू नये, पण लांबीत सरकू शकावा.

मुलींच्या दोरीच्या उड्या आठवा. लांब दोरी फिरवली की मध्ये कशी फुगते! लांब स्क्रूही वेग वाढला की असाच मध्ये फुगून थरथरतो. लांबी दुप्पट केली तर सुरक्षित वेग चौथाईवर येतो. दुसऱ्या टोकाचा आधार काढला तरी तो असाच, साधारण चौथाईवर घसरतो. आमच्या ६०० मिमीला ही अडचण नव्हती, १२०० मिमीला आली असती. उलट थ्रीडी प्रिंटरच्या आखूड उभ्या स्क्रूचं वरचं टोक मुद्दाम मोकळं सोडतात. तिथे दांडा किंचित वाकडा असला तर वरचं बेअरिंग तो वाकडेपणा गाडीवर लादतं.

बसवण्याचा क्रम मात्र चुकवू नका, आम्ही चुकवला होता. आधी सरकपट्ट्या गुण्यात आणि समांतर बसवा. मग धरणारं टोक पक्कं करा. गाडी त्या टोकाजवळ आणून नटाचे बोल्ट आवळा. आता गाडी दुसऱ्या टोकाला न्या. तिथल्या बेअरिंगच्या प्लेटचे बोल्ट ढिले ठेवा, प्लेटला स्वतःची जागा शोधू द्या आणि मगच आवळा. शेवटी स्क्रू चिमटीत धरून फिरवा. एखाद्या जागी जड लागला तर पुन्हा ढिलं करा.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मुलांना असंच हाताने करत शिकवलं. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. आमच्याकडे लॅब नाही, शाळेची एक जुनी बेंच आहे. तिच्यावर परवा 'व' कापला. एका मुलीने डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, हा वडाचा व." पुढच्या रविवारी 'क' कापायला घेतोय.