फुलेवाड्यात पाहुणा आला की

मे महिनाभर तू पुण्यातला फुलेवाडा, जोतीराव फुल्यांचं घर, लोकांना दाखवणार म्हणालीस, पोरी, आणि मला माझे उन्हाळे आठवले. गंज पेठेतल्या त्या गल्लीत सकाळी दहालाच ऊन चटके देतं. म्हणून आधी तुझ्या जिवाचं सांगते. सुती कपडे घाल, बाटली जवळ ठेव आणि आवाज चढवू नकोस, माणसांना जवळ बोलव. ओरडून सांगितलंस तर तिसऱ्या दिवशी घसा बसेल आणि पुढचा आठवडा खाकरण्यात जाईल. वीसपेक्षा जास्त मंडळी असली तर दोन गट कर. खोल्या लहान आहेत, मागच्याला पुढच्याचं डोकंच दिसतं.

पाहुणा दारात आला की आधी पाणी विचार. कुणी एसटीनं रात्रभर बसून येतं, कुणी स्वारगेटहून पोरं कडेवर घेऊन चालत येतं. तहानलेल्या माणसाच्या डोक्यात सनावळी शिरत नाही. पाणी प्यायले की तिथूनच त्यांना विहिरीपाशी ने आणि मग सांग, 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुला केला. एवढं बोल आणि गप्प राहा. ओठ अजून ओले असतात ना, तेव्हा ते वाक्य वेगळंच लागतं. मी एकदा एका आजोबांना तिथं वाकून नुसतं पाण्याकडे बघताना पाहिलं. मी मात्र शेजारी उभी राहून सत्यशोधक समाजाची स्थापना सांगत होते. ती 24 सप्टेंबर 1873 ला झाली, हे त्यांना पाठ होतं गं. ते माहितीसाठी आलेच नव्हते. माझ्या बोलण्यानं त्यांची ती घटका मोडली, याचं मला आजही वाईट वाटतं. कोण ऐकायला आलंय आणि कोण नमस्कार करायला आलंय, हे चपला काढण्याच्या रीतीवरून कळतं. नमस्काराला आलेल्याला वाट मोकळी करून दे. आणि दुपारी फरशी तापते, तेव्हा तिच्यावर पाणी मारून ठेव. भक्तीनं अनवाणी आलेल्याचे पाय पोळू नयेत.

जे या घरात घडलं नाही ते घडलं म्हणू नकोस. सगळ्यात जास्त लोक विचारतील, ‘मुलींची शाळा याच खोलीत का?’ नाही. 1848 ची ती शाळा बुधवार पेठेत, भिडे वाड्यात. तो जुना वाडा 2023 च्या अखेरीस पाडला, तिथं स्मारकाचं ठरलं आहे. दगडूशेठ गणपतीच्या समोरची बाजू म्हटलं की कुणालाही जागा सापडते. पहिल्या वर्षी मीही उत्साहाच्या भरात ‘इथंच, इथंच’ म्हणून गेले होते. एका निवृत्त शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन, चारचौघांत न लाजवता, दुरुस्त केलं. तेव्हापासून वही ठेवते. अडलं की सरळ म्हणायचं, ‘शोधून सांगते’, आणि प्रश्न वहीत उतरवायचा.

सुट्टीतली पोरं आली की त्यांच्या हातात पेन्सिल दे. उजवा हात पाठीमागे ठेवायला सांग आणि डाव्या हातानं नाव लिहून घे. अक्षरं कोलमडतात, पोरं हसतात. मग सांग, 1888 साली पक्षाघातानं जोतीरावांची उजवी बाजू लुळी पडली, आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक त्यांनी डाव्या हातानं लिहून पुरं केलं. ते छापून आलं 1891 ला, जोतीराव गेल्यावर. हसू आपोआप थांबतं आणि पोरं पुन्हा नाव लिहायला घेतात, या वेळी जपून. एखादं पोर डावखुरं निघालं तर त्याला उजव्या हातानं लिहायला लाव. माझ्या एका गटात एका मुलीनं डाव्या हातानं झरझर नाव लिहिलं आणि विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं होतं.

‘त्यांना मुलं होती का?’ हा प्रश्न बायका हमखास विचारतात. तिथं घाई करू नकोस. 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह सांग, फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं येऊन बाळंत व्हावं म्हणून काढलेलं. अशाच एका विधवेचं मूल, यशवंत, जोतीराव आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. हे सांगताना आवाज खाली ने. ऐकणाऱ्यांत कुणाच्या घरी काय घडलेलं असतं, आपल्याला ठाऊक नसतं.

शेवट तुळशी वृंदावनापाशी कर. आपला देह मिठात पुरावा, अशी जोतीरावांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही, दहन झालं आणि अस्थी इथं आल्या. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. साल 1890. शहरातल्या मुलांना टिटवं म्हणजे काय ते माहीत नसतं. घरून एक लहान मडकं घेऊन जा, दोरी बांधून हातात धरून दाखव. पोरींना धरू दे.

आणि बंद व्हायच्या वेळेला कुणी धापा टाकत आलं, तर तुला घरी जायला उशीर झाला तरी चालेल, पण तिथल्या माणसांना विनंती करून त्यांना वृंदावनापर्यंत तरी नेऊन आण. त्यांची परतीची गाडी बहुतेक रात्रीचीच असते. मडकं माझ्याकडे आहे, रविवारी येऊन घेऊन जा.