गावाच्या आरोग्याचे नियोजन : अंदाज कसा बांधावा?

आण्याला श्री रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटीचा महाप्रसाद असतो. किती माणसे जेवायला येतील हे कोणी आधी कळवीत नाही. तरीही मागील वर्षांच्या अनुभवावरून डाळ-मसाल्याचा हिशोब आधीच करावा लागतो. आजारपणाचा मात्र असा हिशोब आपण करीत नाही. बँकेच्या काउंटरवर मुदतीपूर्वी ठेव मोडायला आलेल्या माणसाला कारण विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "दवाखाना."

पूर्वपीठिका

१९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक समिती नेमली गेली. १९४६ च्या अहवालात तिने ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. १९५२ पासून अशी केंद्रे सुरू झाली. पुढे निकष बदलले. सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे केंद्र व ५,००० लोकांमागे उपकेंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे २०,००० व ३,००० असे ठरले.

हा निकष माणसे मोजतो, वाट मोजत नाही. आणे पठारावरून घाट उतरायला लागणारा वेळ त्यात कोठेच धरलेला नाही. म्हणून सरकारी हिशोबाला गावाच्या हिशोबाची जोड हवी.

अंदाजाची रीत

उदाहरणादाखल ३,००० वस्तीचे एक गाव घेऊ.

१) प्रसूती : २०२० साली महाराष्ट्राचा जन्मदर हजारी सुमारे १५ होता. त्या हिशोबाने गावात वर्षाला ४५ बाळंतपणे होतील. नियोजनात शंभरापैकी १५ बाळंतपणांत गुंतागुंत संभवते असे धरतात. म्हणजे सहा-सात वेळा तातडीने वाहन लागणार. कोणत्या घरी लागेल ते सांगता येत नाही. पण किती वेळा लागेल ते सांगता येते. नियोजनाला तेवढे पुरते.

२) वृद्ध : २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढील माणसे शेकडा १० च्या जवळपास होती. म्हणजे गावात सुमारे ३००. तरुण मंडळी पुण्या-मुंबईस गेलेल्या गावी हे प्रमाण याहून जास्त भरेल. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या रोज लागतात. त्यांचा साठा महिन्याच्या हिशोबाने ठरला पाहिजे.

३) वाहन : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. ती आपल्या वाडीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे.

हे कोणी करावे?

यासाठी मोठी पदवी लागत नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. तेथे गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत अनेक दलित होत्या, कित्येक निरक्षरही होत्या. गावात कोण गरोदर आहे, कोणते मूल अशक्त आहे, हे त्यांना ठाऊक असे.

आपल्या विद्यार्थ्यांनी सुटीत आशाताईंना सोबत घेऊन घरोघरी जावे. किती गरोदर, किती वृद्ध, किती जणांना रोजचे औषध लागते, एवढेच वहीत उतरावे. कोणाच्या आजाराचा बोभाटा मात्र होऊ देऊ नये. ग्रामसभेत नावे नव्हे, बेरीज मांडावी व ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तिची नोंद करून घ्यावी. नुसती तक्रार घेऊन गेलेल्याला आश्वासन मिळते. आकडे घेऊन गेलेल्याला निदान उत्तर तरी द्यावे लागते.